प्रेसनोट लिहिता येते, पोस्ट लिहिता येत नाही

कोरीपाटी | मंगळवार, रात्री १०.५०

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

मी २६ वर्षांची. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधून पत्रकारिता केली, दोन वर्षं एका पीआर एजन्सीत प्रेसनोटा पाडल्या आणि आता आठ महिने एका महापालिकेच्या जनसंपर्क कक्षात कंत्राटी आहे. गावाचं नाव सांगत नाही. ओळखलंत तरी लिहू नका, प्लीज.

माझा स्वतःचा सोशल मीडियाशी संबंध म्हणजे इन्स्टावरचं कुलूपबंद खातं आणि त्यात मावसबहिणींच्या लग्नांचे फोटो. फेसबुक कॉलेजातच बंद केलं. एजन्सीत डिजिटलवाले वरच्या मजल्यावर बसायचे आणि आम्ही प्रिंटवाले त्यांना मनातल्या मनात जरा कमीच लेखायचो. ते आता फेडतेय.

दिवाळीनंतर आमच्याकडे महापालिकेचं फेसबुक पेज बघणारा मुलगा नोकरी सोडून गेला आणि ते माझ्या गळ्यात पडलं. जाताना त्याने डायरीच्या मागच्या पानावर पासवर्ड लिहून दिला, तोही खाडाखोड करून. पेज उघडलं तर वर्षभराच्या जयंत्या, पुण्यतिथ्या आणि साहेबांचे नारळ फोडतानाचे फोटो. इनबॉक्समध्ये न वाचलेले ४,००० च्या वर मेसेज. चाळत गेले तर निम्म्यांत एकच प्रश्न: पाणी कधी येणार?

पहिल्याच आठवड्यात प्रेसनोट जशीच्या तशी चिकटवली. आमचे क्लार्क काका श्रीलिपीत (जुना फाँट, तो नसेल तिथे अक्षरं बिघडतात) टाइप करतात, हे माझ्या डोक्यातच नाही. पेजवर उमटली ती इंग्रजी अक्षरांची आणि चित्रविचित्र चिन्हांची भेळ. पंधरा मिनिटं तशीच होती. खाली एकाने लिहिलं, "पाणी गढूळ होतं, आता अक्षरंही."

पुढच्या वेळी शहाणपणा केला, नोटेचा फोटोच टाकला. गुरुवारी पाण्याचा शटडाऊन होता. ३४ भागांची नावं एका कागदावर, खाली सही-शिक्का. मोबाइलवर ती मुंग्यांची रांग दिसत होती. ८७ कमेंट आल्या, बहुतेक "आमचा भाग आहे का यात?" मी एकालाही उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायचं तर उपअभियंत्यांना विचारायचं, ते म्हणणार कार्यकारी अभियंत्यांना विचार, आणि ते मीटिंगमध्ये. शुक्रवारी कुणीतरी गेल्या वर्षीची नोट फिरवली, "तीन दिवस पाणी बंद". तारीख होती त्यावर, पण बघतं कोण. शनिवारी आयुक्तांनी बोलावून विचारलं, "हे पसरत होतं तेव्हा आपलं पेज काय करत होतं?" पेजवर त्या दिवशी कुठल्याशा जागतिक दिनाच्या शुभेच्छा होत्या.

मला बातमी लिहिता येते. पण हे चौकात उभं राहून बोलण्यासारखं वाटतं आणि मी चौकात बोलणारी मुलगी नाही. हे शिकता येतं, की त्याला वेगळाच स्वभाव लागतो?

तिरकी_रेघ | मंगळवार, रात्री ११.१५

महापालिकेचं पेज तिघेच बघतात: पत्रकार, निवडणुकीला इच्छुक आणि ज्यांच्या नळाला पाणी नाही ते. पहिल्या दोघांकडे दुर्लक्ष करा, निम्मं काम झालं.

आमच्याकडे पाण्याची खबर सोसायटीच्या वॉचमनकडून येते. त्याला पाणी सोडणारा व्हॉल्वमन सांगतो. म्हणजे तुमच्या खात्यातली सगळ्यात वेगवान जनसंपर्क यंत्रणा सायकलवरून फिरतेय, आणि तिला पासवर्डही लागत नाही.

खिळेजुळारी | बुधवार, सकाळी ६.०५

वृत्तपत्रात ३१ वर्षं, त्यातली शेवटची ११ जिल्हा पुरवणीच्या डेस्कवर. आता निवृत्त, त्यामुळे पहाटे उठून लोकांचे धागे तपासतो.

ती शटडाऊनची नोट इथे टाका. गावाचं नाव काढून.

कोरीपाटी | बुधवार, सकाळी ९.३०

ही घ्या काका:

"सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, जलशुद्धीकरण केंद्र येथील विद्युत व स्थापत्यविषयक अत्यावश्यक देखभाल दुरुस्तीची कामे करणे आवश्यक असल्याने गुरुवार रोजी शहरातील खालील नमूद भागांचा पाणीपुरवठा बंद राहणार असून शुक्रवार रोजी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होण्याची शक्यता आहे. तरी नागरिकांनी पाण्याचा काटकसरीने वापर करून महापालिकेस सहकार्य करावे."

खिळेजुळारी | बुधवार, सकाळी ११.४०

यात खोटं काही नाही, व्याकरणही बरं आहे. फक्त वाचणाऱ्या बाईच्या हातात बादली आहे, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात नाही. तिला विचारायचंय: मी यात आहे का, कधीपासून, कधीपर्यंत, आणि मी आता काय करू. चौथ्या प्रश्नाचं उत्तर तर तुमच्या नोटेत नाहीच.

"गुरुवारी दिवसभर नळाला पाणी येणार नाही. बुधवारी संध्याकाळी भरून ठेवा. शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा येईल आणि जोर कमी असेल. जलशुद्धीकरण केंद्रात दुरुस्ती आहे. तुमचा भाग खाली बघा."

'अत्यावश्यक' कापा, आवश्यक नसतं तर बंद कशाला केलं असतं? 'सहकार्य करावे' कापा. पाणीच नाही म्हटल्यावर माणूस सहकार्य करतोच, दुसरं करतो काय? 'रोजी' कुठेही दिसला की कापा. आणि ३४ नावांची एक यादी नको. एकेका टाकीवर कुठले भाग ते तुमच्या जेईंना (कनिष्ठ अभियंत्यांना) तोंडपाठ असतं. त्यांच्याकडून टाकीवार लिहून घ्या आणि तशाच तुकड्यांनी द्या.

स्वभावाचं म्हणाल तर तुमच्या इतक्या वर्षांच्या शिक्षणात कुणीतरी 'कोण, काय, कधी, कुठे' शिकवलं असेलच. चौकात तेच सांगायचंय.

दोनशेऐंशी | बुधवार, दुपारी १.२०

मी एजन्सीत आहे, एका बँकेचं खातं सांभाळतो. अगं, स्वभावबिभाव काही लागत नाही. आमच्या टीममधली सगळ्यात चांगली मुलगी ऑफिस पार्टीत कोपऱ्यात चकल्या खात बसते.

आधी एक काम कर, आजच. पासवर्ड बदल, टू-फॅक्टर (पासवर्डनंतर आणखी एक पडताळणी) लाव आणि पेजचे ॲडमिन कोणकोण आहेत ते बघ. सोडून गेलेला मुलगा अजून ॲडमिन असणार. पैज.

काकांची कापाकापी नुसती भाषेची हौस नाही, हिशेबही आहे त्यात. ट्विटरवर (२०२३ पासून एक्स म्हणतात, मी नाही म्हणत) २८० ची मर्यादा, आणि देवनागरीत ते जोडाक्षर फोडून मोजतं. 'स्त्री' हा एक शब्द सहा धरतो. मराठी एसएमएस तर ७० अक्षरांचाच, इंग्रजीला १६० मिळतात. 'अत्यावश्यक देखभाल दुरुस्तीची कामे करणे आवश्यक असल्याने' एवढ्यातच आपल्या एसएमएसची ७० पैकी ५४ अक्षरं संपतात.

कोरीपाटी | बुधवार, संध्याकाळी ६.१०

पैज जिंकलास. ॲडमिन पाच आहेत. एक तीन वर्षांपूर्वी बदली होऊन गेलेला, आणि एकाला ऑफिसात कुणी ओळखतच नाही. आज दिवसभर त्याचा शोध चालला होता.

नवीन कटकट: आयुक्त म्हणतात, "मुंबई पोलिसांसारखं काहीतरी चटकदार करा." मी 'पाणीदार' शब्दावर तीन कोट्या करून बसलेय. तिन्ही वाईट आहेत.

दोनशेऐंशी | बुधवार, रात्री ८.००

तिन्ही खोड, प्लीज.

मुंबई पोलिस ट्विटरवर आले डिसेंबर २०१५ मध्ये. तेव्हापासून आमच्या धंद्यात प्रत्येक क्लायंट हेच वाक्य म्हणतो: बँक, बिल्डर, एकदा तर एक दंतवैद्य. हेल्मेट, पासवर्ड, दारू पिऊन गाडी चालवणं, यावर कोटी खपते. वाचणाऱ्याचं त्या क्षणी काही अडलेलं नसतं. कोरड्या नळाखाली बादली लावून बसलेल्या माणसाला शाब्दिक करामत ऐकवून बघ, तो तुला नुसता ट्रोल करणार नाही, ऑफिसात येईल.

आयुक्तांना सांग: आधी सहा महिने वेळेवर उत्तरं देऊ, मग विनोद करू. सहा महिन्यांनी त्यांची बदली झालेली असेल.

कानोसा | बुधवार, रात्री ९.४५

मी दृष्टिहीन आहे, फोनवर टॉकबॅक वापरतो, तो पडद्यावरचं वाचून दाखवतो. आमच्या शहराची पाण्याची नोटीस ग्रुपवर फोटो म्हणून येते. टॉकबॅक म्हणतो, "फोटो". संपलं. मग मी शेजारच्या काकूंना हाक मारतो, त्या म्हणतात "थांब, चष्मा आणते", आणि चष्मा सापडेपर्यंत आम्ही दोघंही नोटिशीच्या बाहेर.

तुमची श्रीलिपीची भेळही टॉकबॅक इमानदारीत वाचतो हं, एकेक चिन्ह. एकदा ऐका, मजा येते.

बॅनर टाकायचा तर टाका. पण तोच मजकूर खाली युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, लिहा. माझीच सोय म्हणून नाही. फोटोतला शब्द शोधून सापडत नाही, कॉपी होत नाही, सूनबाईला सासूकडे पाठवायचा तर अख्खा बॅनर पाठवावा लागतो.

खिळेजुळारी | बुधवार, रात्री १०.०२

कानोसा, हे ३१ वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

माजी_जिमाका | गुरुवार, सकाळी १०.३०

जिल्हा माहिती कार्यालयात होतो, त्यामुळे हात फाईलकडे जातो. क्षमस्व.

ताई, तुमची अडचण लिहिण्याची नाही, परवानगीची आहे. ८७ कमेंटना उत्तर न देण्याचं कारण तुम्ही स्वतःच लिहिलंय: विचारायचं कुणाला. एका पानाची टिपणी करा आणि आयुक्तांची सही घ्या. दोनच रकाने. एकात अशी माहिती, जी कनिष्ठ अभियंत्याच्या तोंडी शब्दावर लगेच टाकता येईल: भाग, वेळ, टँकर. दुसऱ्यात जी वरून विचारल्याशिवाय अजिबात टाकायची नाही: कारण, जबाबदारी, ठेकेदार, खर्च. भांडणं सगळी दुसऱ्या रकान्यात असतात आणि लोकांना तातडीने हवं ते सगळं पहिल्यात. साहेब लोक सही करतात, फक्त कुणी असं मांडून दिलेलं नसतं.

जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबद्दल परिपत्रक काढलंय, तेही काढून वाचा. वैयक्तिक खातं आणि कार्यालयीन खातं वेगळं ठेवायचं, हे त्यात स्पष्ट आहे. मावसबहिणींचे फोटो त्या फोनवर नकोत.

आता अफवेबद्दल. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना जमावाने ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज फिरत होते. ते पाचही जण भिक्षा मागून पोट भरणारे भटक्या समाजातले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. पाण्याची अफवा तशी जीवघेणी नसते, पण येते त्याच रस्त्याने. तुमची जुनी नोट फिरली, कारण तिच्यावर खरा शिक्का होता. म्हणून तारीख-वार खाली सहीपाशी नको. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. आणि खोडून काढताना ती जुनी नोट 'खोटी' असा शिक्का मारून पुन्हा टाकू नका. लोक तीच पुढे पाठवतात, शिक्का कापून. सरळ खरी माहिती टाका: "उद्या पाणी नेहमीच्या वेळी येणार आहे."

तिरकी_रेघ | गुरुवार, सकाळी १०.५५

समाजमाध्यम म्हणायचं की सोशल मीडिया? धागा पेटवायची संधी आहे, सोडवत नाही.

माजी_जिमाका | गुरुवार, सकाळी ११.१०

परिपत्रकात समाजमाध्यम, टपरीवर सोशल मीडिया. पेटवू नका, लाकडं ओली आहेत.

कोरीपाटी | २० दिवसांनी, बुधवार, रात्री ११.२०

गायब झाले होते, सॉरी. टिपणी मंजूर झाली. आयुक्तांनी एकच शब्द बदलला, 'लगेच'चं 'तत्काळ' केलं. आणि मंजूर झाल्यावर दहाव्या दिवशी जे झालं ते सविस्तर लिहिते.

शनिवारी रात्री ११.४० ला जेईंचा फोन. मुख्य जलवाहिनी फुटली, ६०० मिमीची. आधी असतं तर मला सोमवारी कळलं असतं, प्रेसनोट करायला. आता त्यांच्या फोनच्या यादीत माझा नंबर चौथा आहे, टँकरवाल्याच्या खाली. स्कूटी काढली. आई म्हणाली, "एवढ्या रात्री पाणी सोडायला निघालीस का?"

रस्त्यात शेततळं झालं होतं. पोकलेन यायचा होता. आमचे व्हॉल्वमन काका मांडीभर पाण्यात उभे, टॉर्च काखेत धरलेला, आणि त्या लांब चावीने व्हॉल्व्ह फिरवतायत. फेरे मोठ्याने मोजत होते. मी पोचले तेव्हा अडतीस चालू होता. मध्येच कुणी काही विचारलं की आकडा विसरायचे आणि त्याला शिव्या घालायचे.

जेई साहेबांना म्हटलं, पोस्ट टाकते. ते म्हणाले, "थांब, कारण कळू दे." मी म्हटलं, "कारण नको सर. सकाळचं पाणी येणार का, तेवढंच सांगा." ते म्हणाले, "सकाळचं? विसर." मला तेवढंच हवं होतं.

"रविवारी सकाळी खालच्या ४ टाक्यांच्या भागांत पाणी येणार नाही. मुख्य जलवाहिनी फुटली आहे, काम सुरू आहे. पुढची माहिती रात्री २ वाजता इथेच."

वेळ १२.२२. बटणावर अंगठा ठेवून किती वेळ उभी होते ते सांगत नाही. एजन्सीत माझं एक वाक्य बाहेर जायच्या आधी चार जणांच्या हातांखालून जायचं. इथे माझ्यामागे फक्त एक कुत्रं होतं.

२ वाजता सांगण्यासारखं काहीच नव्हतं. तेच लिहिलं: "काम सुरू आहे. पाणी कधी येईल ते अजून सांगता येत नाही. पुढची माहिती पहाटे ५ वाजता." सगळ्या रात्रीत सर्वांत जास्त लाइक या पोस्टला आले. रात्री दोन वाजता!

मेसेज येत होते. एका बाईंकडे दुसऱ्या दिवशी सासऱ्यांचं वर्षश्राद्ध, पन्नास पानं. टँकर मिळेल का? त्यांना नुसतं "यादीत घेतलंय, दोन दवाखान्यांनंतर तुमचा नंबर" एवढं कळवलं तर त्यांनी मला आशीर्वाद दिला. आणि तीनच्या सुमाराला एकाने कमेंटमध्ये बारा सेकंदांचा व्हिडिओ टाकला. खड्ड्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, सोसायटीच्या गेटपाशी पेव्हर ब्लॉकच्या फटींतून पाणी उकळल्यासारखं वर येतंय. मी फोन साहेबांपुढे धरला. त्यांनी दोनदा बघितला. मग माझ्याकडे न बघता ओरडले, "अरे, तिकडं बघा आधी!" दुसरी गळती होती. काकांचा व्हॉल्व्ह बंद होऊनही पाणी का जातंय हे तासभर कुणाला कळत नव्हतं, ते तिथे कळलं.

इथपर्यंत मी हिरॉइन. आता पुढचं.

रविवारी दुपारी ३ ला जोड झाला. मी उत्साहात लिहिलं, "संध्याकाळपर्यंत पाणीपुरवठा सुरळीत." शब्द माझा, मला कुणी सांगितला नव्हता. टेकडीवरच्या वस्तीला पाणी आलं सोमवारी सकाळी ११ ला. एकाने लिहिलं, "खोटारड्यांनो, घरात तान्हं बाळ आहे", आणि पुढे शिवी. मी कमेंट डिलीट केली. शिवी होती म्हणून, असं स्वतःला सांगितलं. त्याने आधीच स्क्रीनशॉट घेतला होता. मंगळवारी स्थानिक पेपरात मथळा: "पाणी नाही, तक्रारही गायब". मथळा चांगला होता, त्याचंच जास्त लागलं.

हेडलॉस | बुधवार, रात्री ११.५८

पाण्याच्या वितरणात २२ वर्षं काढलीत, दुसऱ्या शहरात. 'सुरळीत' हा शब्द आमच्या खात्यातून हद्दपार करायला हवा.

जोड झाला म्हणजे पाणी आलं नाही. रिकामी वाहिनी आधी भरावी लागते, आणि हळूहळू. आतली हवा एअर व्हॉल्व्हमधून बाहेर पडत जाते. घाई केली तर पुढे आणखी कुठेतरी फुटते. मग टाकी भरायची. टाकीत पुरेशी पातळी व्हायच्या आत सोडलं तर सखल भागातले नळ सगळं ओढून घेतात आणि उंचावरच्यांच्या नळातून नुसती सूं सूं हवा येते. त्यात खालच्या सोसायट्या थेट नळाला मोटर लावतात. टेकडी नेहमीच शेवटी असते.

म्हणून लिहिताना टप्पे लिहा: जोड पूर्ण, आता वाहिनी भरतेय. मग टाकी भरायला घेतली. मग अमुक टाकीवरून पाणी सोडलं. टेकडीवाल्यांना आधीच सांगा, तुमचं उद्या. माणूस 'उद्या' पचवतो, 'संध्याकाळी' म्हणून उद्या झालेलं पचवत नाही. आणि पहिलं पाणी गढूळ येईल हेही आधी लिहा. वाहिनीच्या तळाचा गाळ उठतो. नंतर लिहिलंत तर सारवासारव वाटते.

व्हॉल्वमन फेरे मोजतो ते वाचून बरं वाटलं. हे अभियांत्रिकीच्या पुस्तकात नसतं.

माजी_जिमाका | गुरुवार, सकाळी ९.१५

शिवी झाकता येते, तक्रार झाकता येत नाही. पेजवर आधीच दोन ओळी लिहून ठेवा: शिवीगाळ असलेली कमेंट लपवली जाईल, त्यातल्या तक्रारीची नोंद मात्र घेतली जाईल. आणि लपवण्यापूर्वी तुमच्याकडेही स्क्रीनशॉट हवा. त्याच्याकडे होता, तुमच्याकडे नव्हता.

दोनशेऐंशी | गुरुवार, सकाळी ९.४०

आणि त्या माणसाला उत्तर दिलंस का? पेपरवाल्यांना नाही, त्याला.

कोरीपाटी | गुरुवार, दुपारी २.०५

दिलं. पेजवर त्याचं नाव घेऊन लिहिलं की कमेंट मी काढली, काढायला नको होती, आणि 'संध्याकाळ' चुकीची सांगितली. आमच्या पीआरओ साहेबांना 'चुकीची' हा शब्द नको होता. टिपणीत वेळ पहिल्या रकान्यात येते, म्हणून मी तो ठेवला. (माजी काका, दंडवत.) मग त्याला मेसेज करून विचारलं, पाणी नीट येतंय का, फोन करू का. त्याचं उत्तर: "आलं. बाळ झोपलंय, फोन करू नका."

तिरकी_रेघ | गुरुवार, दुपारी २.३०

सगळं छान चाललंय, पण मी मुळात भांडखोर असल्याने विचारतो. शनिवार रात्र ते रविवार दुपार, १५ तास. त्याचे पैसे?

कोरीपाटी | गुरुवार, रात्री १०.४०

कंत्राटात ठोक पगार. ओव्हरटाइम हा शब्द नाही. बदली रजा मागितली तर "बघू".

खरं सांगायचं तर हा भाग मला अजून झेपत नाही. प्रेसनोट पाठवली की मी सुटायचे. आता जेवताना ताटाशेजारी ऑफिसचा फोन उताणा असतो. आई त्याच्यावर वाटी पालथी घालते.

माजी_जिमाका | शुक्रवार, सकाळी १०.००

"बघू" लेखी घ्या. अर्ज करा, आवक क्रमांक टाकून घ्या. आणि पेजवर उत्तरांची वेळ जाहीर करा, सकाळी ७ ते रात्री ९. रात्री फक्त आपत्कालीन. आणि दुसरा माणूस तयार करा. एकटीने चालवलंत तर तुम्ही सोडून जाल तेव्हा पुन्हा डायरीच्या मागच्या पानावर पासवर्ड.

कोरीपाटी | ३ आठवड्यांनी, रविवार, सकाळी ११.००

शेवटचा अपडेट, मग धागा खाली जाऊ दे.

दुसरा माणूस मिळाला: आमचे श्रीलिपीवाले क्लार्क काका! टाइपरायटरच्या त्याच कळपाटावर युनिकोड टाइप होतं हे दाखवल्यावर पाच मिनिटं गप्प बसले. म्हणाले, "म्हणजे हात तोच ठेवायचा?" आता रविवार त्यांचा. कमेंटना उत्तर देताना शेवटी "आपला विश्वासू" लिहितात. मी काढायला सांगितलं नाही, लोकांना आवडतंय.

व्हॉट्सॲप चॅनेलही काढतोय. ब्रॉडकास्ट लिस्टला २५६ ची मर्यादा, आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच पोचते. ग्रुप काढला असता तर दुसऱ्या दिवशी गुलाबाची फुलं आणि सुप्रभात. चॅनेलवर लोकांचे नंबरही दिसत नाहीत. पण तिथे लोकांना लिहिता येत नाही, नुसता अंगठा दाखवता येतो. पेव्हर ब्लॉकचा तो व्हिडिओ चॅनेलवर आलाच नसता. म्हणून फेसबुकच्या कमेंट उघड्याच ठेवणार आहे, शिव्यांसकट. नारळाचे फोटोही चालूच आहेत, ते माझ्या हातात नाही. बदली रजेच्या अर्जाला आवक क्रमांक मिळालाय. रजा नाही.

रोज संध्याकाळी व्हॉल्वमन काकांना फोन करते, उद्या कुठे काय. जेईंच्या कागदापेक्षा ते बरोबर असतात. त्यांचा फोटो टाकू का म्हणून विचारलं तर म्हणाले, "नको. मग लोक मला घरी येऊन विचारतील."

चॅनेलच्या वर्णनात हे लिहितेय, बघा: "पाणी पुरवठ्याची रोजची माहिती, टाकीवार. प्रश्न असतील तर फेसबुक पेजवर लिहा."

खिळेजुळारी | रविवार, सकाळी ११.२५

'पाणीपुरवठा' एक शब्द. आणि 'रोजची' कापा. ज्या दिवशी सांगण्यासारखं काही नसेल त्या दिवशी अडकाल.

कोरीपाटी | रविवार, सकाळी ११.३१

एक शब्द केला. 'रोजची' ठेवतेय, काका. काही नसेल त्या दिवशी "आज नेहमीच्या वेळी" असं लिहीन.